नऊ कशापैकी?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रयोगशाळेचे प्रमुख शुक्रवारी निवृत्त झाले. त्यांची खुर्ची रिकामी आहे आणि ती मला हवी आहे. हे मी कुणाजवळ बोलणार नाही, म्हणून इथे लिहिते.

आमची कंपनी तराजू बनवते. काचेच्या पेटीतले, जवळ श्वास सोडला तरी आकडा हलतो असे. प्रयोगशाळेत आम्ही ते तपासतो आणि बरोबर असल्याचा दाखला देतो. खुर्चीसाठी माणसं दोनच आहेत, मी आणि चुरगळ. हे नाव त्याला शर्टांमुळे पडलं. त्याचे शर्ट इस्त्रीला जातात की नाही माहीत नाही, पण गेले तर तिथूनही तसेच परत येत असावेत. त्याचा हात माझ्यापेक्षा बरा आहे. माझा अहवाल त्याच्यापेक्षा बरा असतो. फरक दोन्हीकडे थोडा आहे. निर्णय महिनाअखेर होईल, असं संचालकसाहेब म्हणाले.

आज त्यांनी सगळ्यांना सभागृहात बोलावून एका बाईंची ओळख करून दिली. व्यक्तिमत्त्व सल्लागार. कंपनीचा माल चांगला आहे, पण माणसं मालाला शोभत नाहीत, असं त्यांचं निदान आहे. त्यांनी फळ्यावर 'ड्रेस्ड टू द नाइन्स' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "डिअर्स, यापुढे आपण सगळ्यांनी नाइन्सपर्यंत पोचायचं."

मी हात वर केला. "नऊ कशापैकी?"

मला खरंच जाणून घ्यायचं होतं. दहापैकी असेल तर एक गुण कुठे गेला, हा साधा प्रश्न आहे. सभागृह हसलं. चुरगळ सगळ्यांत आधी हसला. सल्लागार बाईंनी संचालकांकडे पाहिलं. संचालक म्हणाले, "मला हाच दृष्टिकोन पाहिजे. मोजता आलं पाहिजे. तुम्हीच तयार करा मापपट्टी."

जेवणाच्या सुट्टीत चुरगळ म्हणाला, "मायक्रॉन, तुला गप्प बसायचे पैसे देतात का बघ कुणी." तो मला मायक्रॉन म्हणतो, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मी कधी हरकत घेतलेली नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मोजायचं ते काय आहे ते आधी कळायला हवं, म्हणून चार शब्दकोश पाहिले. अर्थाबद्दल एकमत आहे. ड्रेस्ड टू द नाइन्स म्हणजे उत्तमातले उत्तम कपडे घालून, कशातही उणं न ठेवता नटलेला. लग्नाला, मेजवानीला, मोठ्या समारंभाला असं जातात. वापरताना कधी कौतुक असतं, कधी चिमटा. किराणा आणायला कुणी असं गेलं तर चिमटा.

नऊच का, हे मात्र कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं चांगल्या पोशाखाला नऊ वार कापड लागायचं, कुणी म्हणतं नऊ हा परिपूर्णतेचा आकडा. पुरावा एकाचाही नाही. आधी 'टू द नाइन्स' म्हणजे नुसतं 'अगदी पूर्णत्वाला' असा वापर होता, कपडे त्याला नंतर चिकटले. म्हणजे आमच्या कंपनीने स्वीकारलेल्या मापाचा उगम अज्ञात आहे आणि वरची मर्यादा सांकेतिक आहे. आपला 'नखशिखांत' त्या मानाने चोख. सुरुवात कुठे, शेवट कुठे, दोन्ही दिलेलं.

हे मी सल्लागार बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डिअर, लोकांना उगम नको असतो, उंची हवी असते." आणि माझ्या चपलांकडे पाहिलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

मापपट्टी तयार झाली. डोक्यापासून पायापर्यंत नऊ ठिकाणं, प्रत्येकी एक गुण. गुण देणारे तिघे, एकमेकांशी न बोलता. तिघांच्या आकड्यांत तफावत आली तर पुन्हा मोजायचं. काम म्हणून वाईट झालेलं नाही.

कुठल्याही मापाला एक प्रमाण लागतं, ज्याच्याशी बाकी सगळं ताडून पाहायचं. सर्वानुमते विक्रीविभागाच्या प्रमुखांची निवड झाली. त्यांना कंपनीत सगळे 'शोरूम' म्हणतात आणि ते त्यांना माहीत आहे. कॉन्फरन्स रूममध्ये खिडकीपाशी त्यांना उभं केलं. गुण देणारे भोवती फिरले. शोरूमने मधूनच बाजू बदलून दाखवली. नऊ. तिघांचेही नऊ.

मला चार मिळाले. चुरगळला दोन.

"दोन कशाबद्दल?" तराजूच्या खोलीत परतल्यावर त्याने विचारलं.

"एक नखं स्वच्छ असल्याबद्दल. एक चष्म्याबद्दल."

"चष्मा आईने निवडलाय."

"श्रेय कुणाचं ते आम्ही मोजत नाही."

त्याला इतकं हसू आलं की तराजूचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं लागलं. त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण हिरव्या दोऱ्याने लावलेलं आहे. बाकीची पांढऱ्या. हे मापपट्टीत बसत नाही. इथे का लिहिलं ते सांगता येत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सूचनाफलकावर कागद लागला आहे. 'प्रमुखपदासाठी नव्या श्रेणीत किमान सात गुण आवश्यक.' खाली माझं नाव: मापपट्टीची रचना अमुक यांची.

चुरगळने फलकासमोर उभं राहून ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "झकास. स्पर्धाच संपवलीस. विष घालायची सुद्धा गरज पडली नाही."

मी लगेच संचालकांकडे गेले. म्हटलं, "साहेब, ही मापपट्टी पडताळलेली नाही. ती कपडे मोजते. कपड्यांचा कामाशी संबंध आहे की नाही, हे अजून कुणी पाहिलेलं नाही."

"मग पाहा की. तुम्हीच पाहा. महिनाअखेर संचालक मंडळासमोर अहवाल द्या. त्याच दिवशी नेमणूकही जाहीर करू."

"तोपर्यंत तो कागद काढता येईल?"

"कागद चांगला छापलाय हो."

मी बाहेर आले. अचूकपणे लिहायचं तर, फलकावरचा आकडा सात आहे आणि चुरगळचा दोन आहे हे लक्षात आल्यावर मला पहिल्यांदा जे वाटलं ते वाईट वाटणं नव्हतं. वाईट नंतर वाटलं. मधलं अंतर मी मोजलेलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आईला घेऊन कपडे घ्यायला गेले. मी आपणहून दुकानात चल म्हणाले, ही घटना आईच्या मते नोंद करण्यासारखी होती. तिने ती मावशीला फोनवर कळवलीसुद्धा. ट्रायल रूमच्या पडद्याबाहेरून तिने विचारलं,

"कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"ज्याच्यासाठी हे चाललंय तो."

"पद आहे, आई. प्रमुखपद."

"बरं. पदाचं आडनाव काय?"

दुकानातली मुलगी तोंडावर हात धरून वळली. मी करड्या रंगाचं जाकीट घेतलं, टाचांचे बूट घेतले. आई घरी येताना म्हणाली, "छान दिसतेस गं. मी कधी बोलले नाही, कारण तू लगेच विचारतेस कशाच्या तुलनेत."

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज सात गुण. नवे बूट, जाकीट, केस बांधलेले, कानात काहीतरी.

सगळी कंपनी पालटली आहे. भांडारातले काका ठेवणीतला सूट घालून येतात आणि खालच्या फळीवरची वस्तू कुणी मागितली की 'संपली' म्हणतात, कारण वाकलं तर शिवण उसवेल. हिशेबनीस टाय बांधतो आणि दुपारनंतर त्याचा आवाज बारीक होतो. गुण देणारे तिघे भलतेच भाव खाऊ लागले आहेत. त्यांच्यातल्या टेलिफोनवरच्या बाईंना काल कुणी तरी घरचा केक आणून दिला.

तांत्रिक अडचण एकच. टाचांच्या बुटांनी मी तराजूच्या खोलीत चालले की तराजूंखालच्या दगडी ओट्यापर्यंत कंप जातो. जाकिटाच्या बाह्यांनी हवा हलते. दुपारपर्यंत माझा एकही आकडा स्थिरावला नाही. शेवटी मी बूट दाराशी काढले आणि अनवाणी काम केलं. थोड्या वेळाने पाहिलं तर दाराशी चुरगळने स्वतःचे कॅनव्हासचे बूट काढून ठेवले होते, माझ्या बाजूला टाचा करून. त्याच्या बुटांचं माप नऊ, माझं पाच. पाय घातले. चालताना फटफट आवाज होत होता, पण आकडा हलला नाही. तो दिवसभर मोज्यांवर फिरला. मोजे वेगवेगळ्या जोड्यांतले होते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पडताळणी पूर्ण झाली. प्रत्येक विभागाचे सरासरी गुण घेतले आणि त्या विभागातून गेल्या वर्षभरात सदोष म्हणून परत आलेलं काम समोर मांडलं. संबंध नाही. ठिपके कागदावर मोहरी सांडल्यासारखे पसरले आहेत. ताणूनच काही काढायचं म्हटलं, तर जास्त गुणांच्या विभागांत चुका किंचित जास्त आहेत. पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढणं बरोबर होणार नाही, आणि मी काढलेला नाही.

आलेख चुरगळला दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाजवळ धरला. तो असाच वाचतो.

"हे तू मंडळासमोर वाचणार?"

"हो."

"हे वाचलंस तर तुझं पद जाईल. आणि माझे दोनच गुण, म्हणून ते मला मिळणार नाही. एवढा तोट्याचा व्यवहार आपल्या विक्रीविभागानेही केलेला नाही."

"आकडे जे आहेत ते आहेत."

"तुला हवंय ना ते पद?"

"हवं आहे."

"मग हे ड्रॉवरमध्ये ठेव आणि एक गोड आलेख काढ. मी कुणाला सांगणार नाही."

तो थट्टा करत नव्हता. म्हणून मला राग आला. मी म्हटलं, माझी सही असलेल्या कागदात खोटं जाणार नाही, आजवर गेलेलं नाही. तो म्हणाला, "माहीत आहे गं. म्हणून तर..." आणि तराजूची काच पुसू लागला. काच स्वच्छच होती.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

नऊ गुण. सल्लागार बाईंनी स्वतः माझी कॉलर बसवली आणि मागे सरकून पाहिलं. "डिअर, धिस इज इट."

मंडळाचे सहाजण लांब टेबलाशी बसले होते. मी अहवाल वाचला. त्यातली वाक्यं इथे जशीच्या तशी लिहिते, म्हणजे पुढे शंका राहणार नाही. 'ही मापपट्टी कपडे विश्वासार्हपणे मोजते. कामाबद्दल ती काहीही सांगत नाही. तिच्या आधारे एकही नेमणूक करू नये. मापपट्टी रद्द करावी, अशी शिफारस आहे.' शेवटचं वाक्य मी सावकाश वाचलं.

टाळ्या पडल्या.

संचालक उठून उभे राहिले. "असा आत्मविश्वास पाहिजे. काय मांडणी आहे. सल्लागार बाईंचा परिणाम बघा, चार आठवड्यांपूर्वी ह्याच कोपऱ्यात बसायच्या." एका वयस्कर सदस्यांनी जाकीट कुठून घेतलं ते विचारलं, त्यांच्या सुनेसाठी. मापपट्टी सर्व शाखांना लागू करण्याचा ठराव एकमताने झाला. मी म्हटलं, "पण मी ती रद्द करा म्हणतेय." संचालक प्रसन्नपणे म्हणाले, "आणि विनयही."

मग मला प्रयोगशाळाप्रमुख नेमलं.

चुरगळ मागच्या रांगेत होता. बाहेर आल्यावर विचारलं, "तू तरी ऐकलंस ना?"

"पहिल्या पानापर्यंत."

"पुढे?"

"पुढे नाही ऐकलं."

"का?"

तो म्हणाला, तिथे फार उकडत होतं. त्याचा चेहरा लाल झाला होता खरा. पण खोलीतलं तापमान मी येताना पाहिलं होतं, बावीस अंश.

सोमवार, ३ मार्च

नव्या खुर्चीत बसले. उंची चांगली आहे.

स्वस्थता नाही. मी अगदी स्पष्ट बोलले आणि समोरच्यांना उलटं ऐकू आलं, याला दोन कारणं असू शकतात. एक, मजकुरात दोष होता. दोन, कपड्यांनी मजकूर झाकला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या असतील तर कारण सांगता येत नाही. मजकूर तोच ठेवून कपडे बदलले तर सांगता येईल.

आईला हे समजावलं. तिने कपाळाला हात लावला. "मिळालंय ना? आता कशाला खाजवून खरूज काढतेस?"

"मला कळायला हवं, आई."

"तुला सगळ्यांचं कळायला हवं. तुझं सोडून."

या वाक्याला संदर्भ नव्हता.

मंडळाच्या सचिवांना कळवलं की शाखांना पाठवण्यापूर्वी अहवालाचं एक वाचन इतिवृत्तासाठी व्हायला हवं. त्यांनी शुक्रवार दिला.

शुक्रवार, ७ मार्च

तीच खोली, तेच सहाजण, तोच अहवाल, तीच गती. फक्त कामाचा पांढरा कोट, खिशाशी शाईचा डाग आणि पायांत रोजच्या चपला. प्रयोगाची अट पाळायची म्हणून केससुद्धा रोजच्यासारखे.

दुसऱ्याच वाक्याला संचालकांनी हात वर केला. "थांबा. काय म्हणालात?"

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे ही मापपट्टी निरुपयोगी आहे, असं तुमचं म्हणणं आहे?"

"नेमणुकांसाठी, हो."

"हे तुम्ही आज सांगताय?"

"मागच्या शुक्रवारीही सांगितलं होतं. अहवाल तोच आहे. एकही शब्द बदललेला नाही."

त्यांनी पानं चाळली. शेजारच्या त्या वयस्कर सदस्यांनी ती आपल्या मागच्या प्रतीशी ताडून पाहिली. त्यांच्या सुनेसाठी जाकीट मिळालं का, ते विचारावंसं मला वाटलं, पण विचारलं नाही. संचालक म्हणाले, "तेव्हा हे असं वाटलं नव्हतं." सल्लागार बाई दुखावल्या होत्या. त्यांचं म्हणणं, या अवतारात मंडळासमोर येणं हाच एक संदेश आहे. पहिल्यांदाच त्या आणि मी सहमत झालो.

प्रत्येक शब्द ऐकला गेला. मग माझी नेमणूक स्थगित झाली, 'फेरविचारासाठी'. मापपट्टी राहिली. प्रयोग यशस्वी.

जिन्यात थांबले. डोळे चुरचुरत होते, तिथे नुकताच रंग दिला आहे. चुरगळ मागून आला. तो रागावला होता. मी त्याला रागावलेलं याआधी पाहिलेलं नाही.

"हातातलं घालवलंस. कशासाठी?"

"खात्री करायला."

"मला विचारायचं होतंस. मी सांगितलं असतं."

"तू साक्षीदार म्हणून बाद आहेस. मागच्या वेळी तू ऐकलंच नव्हतंस."

"आज मी दाराशी उभा होतो."

"मग? आज ऐकलंस?"

"नाही. आजही नाही."

आणि दोन-दोन पायऱ्या सोडत खाली गेला.

नोंद करून ठेवते. त्याच्या बाबतीत दोन्ही वाचनांचा निकाल एकच आला. म्हणजे कपडे हे कारण नाही. दुसरं काही तरी आहे. कान तपासून घे म्हणून सुचवायला हवं.

सोमवार, १७ मार्च

फेरविचारात माझं नाव गळलं आणि शोरूम आमचे प्रमुख झाले. गुण नऊ, स्पर्धक नाही.

सकाळी ते पहिल्यांदाच तराजूच्या खोलीत आले. बरोबर संचालक, सल्लागार बाई आणि फोटोग्राफर. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता. आमच्याकडे शंभर ग्रॅमचं एक वजन आहे, ज्याच्याशी बाकी सगळी वजनं ताडतात. ते मखमलीच्या पेटीत असतं आणि हातमोजे घालून, चिमट्यानेच उचलतात. शोरूमने ते उघड्या हाताने उचललं, अंगठा आणि दोन बोटांत धरलं आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

चुरगळने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "सर, ते खाली ठेवा." ते म्हणाले, "एक मिनिट, हा अँगल चांगला आहे." संचालक म्हणाले, "वा." फोटो खरोखर चांगला आला आहे.

सगळे गेल्यावर आम्ही ते वजन तराजूवर ठेवलं आणि आकडा थांबण्याची वाट पाहिली. ते जड झालं होतं. माणसाच्या बोटाच्या ठशालाही वजन असतं, मायक्रोग्रॅममध्ये. आमचा तराजू ते दाखवतो, तो त्यासाठीच बनवला आहे. कंपनीच्या कारभारात नव्या प्रमुखांनी घातलेली भर मी तीन वेळा मोजली. तिन्ही वेळा सारखी आली. वजनाच्या नोंदीत 'वाढीचं कारण' असा रकाना आहे. चुरगळ म्हणाला, "नेमणूक, असं लिही." मी 'हाताळणी' लिहिलं.

आता ते वजन राजधानीतल्या मुख्य प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा प्रमाणित करून आणायला हवं. तोवर एकही दाखला देता येत नाही. दाखल्याशिवाय एकही तराजू विकता येत नाही. हे शोरूमला सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा टाय सैल केला. संचालकांनी विचारलं, कोण नेईल? वजन टपालाने पाठवता येत नाही. हातात घेऊन, न आदळता न्यावं लागतं. जायला एक दिवस, तिथे आठवडाभर मुक्काम, यायला एक दिवस.

चुरगळने प्रवासाचा अर्ज भरून माझ्यापुढे ठेवला. त्यात त्याने लिहिलं होतं, 'सदर वजन नेण्यासाठी नियमानुसार दोन तंत्रज्ञ आवश्यक.'

असा नियम नाही. मी नियमावली उघडून पाहिली. एक माणूस पुरतो. पेटीला एकच मूठ आहे.

तो समोर उभा होता, चष्मा कपाळावर. मी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग खाली दुसऱ्या तंत्रज्ञाच्या जागी सही केली, तारीख घातली आणि अर्ज त्याला परत दिला.